मस्तकात जाणारं तिखट

वसाबीचा दाणा पहिल्यांदाच तोंडात टाकणाऱ्या माणसाचा चेहरा बघत राहावा असा असतो. आधी काहीच होत नाही. दात दाण्यावर बसतात, खारट-गोड चव लागते आणि माणूस ‘बरा आहे’ म्हणायच्या बेतात असतो. तेवढ्यात ते वर चढतं. जिभेवर रेंगाळत नाही, घशाकडे वळत नाही, टाळूच्या मागच्या वाटेनं थेट नाकाच्या मुळाशी जातं. दोन बोटं आपोआप भुवयांच्या मध्ये टेकतात, डोळे मिटतात, त्यांतून पाणी येतं आणि बघता बघता सगळं ओसरतं. मागे जळजळ उरत नाही, पाण्याच्या तांब्याकडे धावावं लागत नाही. चेहरा मोकळा होतो, बहुतेक जण हसतात आणि हात पुन्हा वाटीकडे जातो.

आमच्या विरारच्या घरी अशी वाटी पहिल्यांदा फिरली ती दिवाळीत. फराळाच्या ताटात चकली-कडबोळ्यांच्या शेजारी भाच्यानं आणलेले हिरवे शेंगदाणे होते. मुलं ‘जपानी’ म्हणून त्यांच्याभोवती जमली. काकूनं एक दाणा चावला, पदर नाकाला लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, “अगं, ही तर फेसलेली मोहरी!”

तिचं बरोबर होतं. किती बरोबर होतं ते मला नंतर वाचताना कळलं. बाजारात वसाबीच्या नावानं जे मिळतं त्यात बहुतेक वेळा वसाबी नसतेच, किंवा नावापुरती असते. हॉर्सरॅडिश नावाचं युरोपी मूळ, मोहरीची पूड आणि हिरवा रंग यांचं ते मिश्रण असतं. खरी वसाबी महाग, नाजूक आणि अल्पायुषी. खुद्द जपानातही सगळ्यांच्या ताटात ती रोज पडत नाही. काकूला जपान ठाऊक नव्हतं, पण तिच्या नाकाला मोहरी पुरती ठाऊक होती.

मोहरी फेसणं आता घरांतून कमी झालंय. आमच्याकडे ती केळ्याच्या रायत्यासाठी फेसली जायची. वसईत केळ्यांना तोटा नव्हता. राजेळी सुकवून सुकेळी व्हायची, आणि फार पिकलेली केळी दह्यात पडायची. त्या दह्यात घालायची मोहरी आजी खलात कुटायची, मग थंड पाण्याचा हबका मारून घोटत बसायची. घोटता घोटता ती फेसाळते, फिकट होते आणि एका क्षणी वास नाकात चढतो. आजी मान मागे घेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, “आली.” त्याआधी हात थांबवायचा नाही. पाणी कोमट चालायचं नाही, त्यावर तिचा कटाक्ष असे. कारण तिनं कधी सांगितलं नाही. तिलाही ते कुणी सांगितलं नसावं.

कारण असं आहे की मोहरीच्या दाण्यात तिखट नसतंच. अख्खा दाणा गिळला तर जिभेला काही कळत नाही. दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एक सिनिग्रिन, दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा कुटला, कप्पे फुटले आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट जन्माला येतं. नाकात चढतं ते हे. उकळतं पाणी घातलं तर विकर मरतं आणि मोहरी नुसती कडवट होते. वसाबीतही हेच सिनिग्रिन, हेच विकर आणि शेवटी हेच तिखट. वनस्पतीनं हा बेत आपल्यासाठी केलेला नाही. अळीनं पान कुरतडावं आणि पहिल्याच घासाला तिचं तोंड पोळावं, एवढ्यासाठी तो आहे. झाड पळून जाऊ शकत नाही. जखम होईल तेव्हाच उपयोगी पडेल असं हत्यार ते जन्मभर सुटं करून बाळगतं. मला हे वाचल्यापासून मोहरीच्या डब्यात हात घालताना थोडा आदर वाटतो.

आणि तीच मोहरी फोडणीत पडते तेव्हा? तापलेल्या तेलात ती तडतडते, खमंग होते, पण तिचं हत्यार तिथेच जळून जातं. एकाच दाण्याचे हे दोन स्वभाव आपल्या बायकांनी एकाच स्वयंपाकघरात सांभाळले. एक रोजचा आणि सोशीक, दुसरा सणासुदीचा आणि मस्तकात जाणारा.

मिरचीचं तिखट वेगळं. मिरचीतलं कॅप्सायसिन उडून जात नाही, बसून राहतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन फायदा होत नाही. तूप किंवा ताक लागतं. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी जी दारं आहेत तीच मिरची ठोठावते, म्हणून ती भाजल्यासारखी वाटते. मोहरीचं तिखट दुसऱ्या दारानं आत येतं आणि हवेवर स्वार होऊन येतं. त्याच्या या हवाई स्वभावाचा एक उपयोग जपानी संशोधकांनी शोधला. आग लागल्याचा भोंगा ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांना झोपेतून उठवण्यासाठी त्यांनी वसाबीचा वास हवेत सोडणारं यंत्र तयार केलं. वासाचं प्रमाण किती असावं हेही ठरवलं. २०११ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. तो पुरस्कार लोक हसत हसत देतात-घेतात, पण बहिऱ्या माणसाला धुरातून जागं करणाऱ्या त्या वासाविषयी मला निखळ कौतुकच वाटतं.

मिरची आपल्याकडे नवखीच म्हणायची. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. काजू ब्राझीलहून त्यांनीच आणला. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताचं ठाणं इथेच होतं. वसईच्या धक्क्यावर त्या दोन शतकांत काय काय उतरलं असेल, कुणाच्या वाडीत पहिलं मिरचीचं रोप लागलं असेल, याचा विचार करत किल्ल्यात फिरायला मला आवडतं. आज मिरचीशिवाय आपला घास उतरत नाही. तिच्याआधी मात्र तिखटाची गादी मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरी यांच्याकडे होती. काकूचं नाक त्या जुन्या तिखटाला ओळखतं.

शेंगदाणे तर विरारकरांच्या हाडीमाशी खिळलेत. चर्चगेट ते विरार साठेक किलोमीटर, आणि बसायला जागा मिळाली नाही तरी हातात पुडी असतेच. ‘टाइमपास’ अशी आरोळी देत डब्यातून फिरणारे विक्रेते, कागदाच्या निमुळत्या पुडीतले कोमट दाणे, फुंकर मारून उडवलेली सालं. याच लोहमार्गानं उत्तरेला गेलं की भरूच लागतं. तिथली खारी शिंग प्रसिद्ध आहे. खारवण्याची रीत साधी आहे आणि त्या रीतीत शहाणपण आहे. कच्चे दाणे मिठाच्या पाण्यात भिजवायचे, निथळून सुकवायचे आणि मग तापलेल्या वाळूत किंवा मिठात भाजायचे. मीठ आधी आत जातं, आच नंतर. म्हणून ते दाणे वरून नव्हे, आतून खारट लागतात.

दिवाळीनंतर मी घरी तसेच दाणे करू लागले. मीठ जाडं घ्यावं. नायगावकडून येताना गाडीच्या खिडकीतून मिठागरं दिसतात, त्या मिठाची खडेदार जात या कामाला चांगली. लोखंडी कढईत ते चांगलं तापू द्यायचं. हात वर धरला की धग लागली पाहिजे. मग सुकलेले दाणे टाकायचे आणि उलथनं थांबवायचं नाही. मीठ सगळ्या बाजूंनी दाण्याला मिठीत घेतं, त्यामुळे एका अंगाला काळा आणि दुसऱ्या अंगाला कच्चा असा दाणा राहत नाही. सुरुवातीला ओलसर, मातकट वास येतो. मग तो गोडसर होतो, मधूनच एखादा दाणा फुटल्याचा आवाज येतो. एक दाणा काढून, गार करून चावून बघायचा. गरम दाणा नेहमी मऊच लागतो, त्यावर विश्वास ठेवू नये. चाळणीनं मीठ खाली पाडायचं, दाणे तळव्यात चोळायचे, सुपात घोळून सालं उडवायची. आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

कारण आता मोहरी येणार. मोठी पिवळी मोहरी या कामाची नाही. तिचं तिखट जिभेवर लागतं, पण नाकात चढत नाही. लालसर, बारीक मोहरी घ्यावी. लोणच्यासाठी मोहरीची डाळ मिळते तीही चालते. ती भाजायची नाही. कोरड्या भांड्यात थोडी थोडी दळायची, म्हणजे दळताना तापत नाही, आणि वस्त्रगाळ करायची. तिच्यात बारीक मीठ आणि चिमूट-दोन चिमूट पिठीसाखर. गार दाण्यांना दोन-चार थेंब तेल चोळायचं, तेवढ्यापुरतंच, आणि मग ही पूड भुरभुरून भांडं हलवत राहायचं. पाण्याचा थेंबही लागता कामा नये. पाणी लागलं तर मोहरी डब्यातच जागी होईल आणि तिचं तिखट झाकणाखालीच उडून जाईल. तेलात ती झोपून राहते. दाणा तोंडात जातो, लाळेचा ओलावा मिळतो आणि मग कप्पे उघडतात. म्हणजे मोहरी फेसण्याचं काम इथे खाणाऱ्याचं तोंड करतं. वाटीतले दाणे बघून काहीच कळत नाही. हिरवा रंग मी घालत नाही. पिवळट-तपकिरी दाणा निमूट दिसतो आणि मग जे करायचं ते करतो.

हे दाणे फार दिवस ठेवू नयेत. पावसाळ्यात तर मुळीच नाही. आपल्या हवेत इतका दमटपणा असतो की पूड बरणीतच पाणी ओढून घेते.

असे दाणे खाल्ले की कुणीतरी विचारतंच, मग खरी वसाबीच कुंडीत लावता येणार नाही का? आमच्या सोसायटीत गच्चीवर बाग करणाऱ्या हौशी मंडळींत हा प्रश्न निघाला तेव्हा मी वसाबीविषयी जमेल तितकं वाचून काढलं, आणि जसजसं वाचत गेले तसतशी त्या झाडाची आणि माझ्या गावाची तुलना मनात होत राहिली.

वसाबी मोहरीच्याच कुळातली. मुळा, कोबी, नवलकोल तिचे भाऊबंद. तिला सावली लागते, ओलावा लागतो, आणि पारा साधारण आठ ते वीस अंशांत राहावा लागतो. तिच्या मुळांवरून थंड, निर्मळ पाणी सतत वाहतं असावं लागतं. साचलेल्या पाण्यात ती कुजते. खाण्याजोगं खोड तयार व्हायला दीड-दोन वर्षं सहज जातात. जपानच्या शिझुओका भागात आबे नदीच्या उगमाकडे उतोगी नावाचं खेडं आहे. वसाबीची लागवड तिथे चारेकशे वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. डोंगरउतारावर दगडांच्या पायऱ्या रचायच्या, मोठे दगड तळाला, बारीक खडी वर, आणि झऱ्याचं पाणी एका पायरीवरून दुसरीवर सोडायचं. पाणी खडीतून गाळलं जातं आणि खालच्या रोपालाही वरच्याइतकंच स्वच्छ पोचतं. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं शिझुओकातल्या या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलं. नागानो भागात आझुमिनोला वसाबीचा आणखी एक मोठा मळा आहे. अकिरा कुरोसावांच्या १९९०च्या ‘ड्रीम्स’मधलं पाणचक्क्यांचं गाव तिथेच चित्रित झालं.

एवढं सगळं करून उगवलेलं खोड शार्कच्या कातडीच्या किसणीवर गोल गोल, सावकाश किसतात. किसल्यावर मिनिटभरात ती चव चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरणीला लागते. म्हणून ती जेवताना, समोरच किसायची असते. आजीची मोहरीही ताट वाढण्याच्या सुमारासच फेसली जायची.

वसईत पाऊस दोन हजार मिलीमीटरच्या वर पडतो. सावली द्यायला केळी-पोफळी आहेत. पण थंडावा आणायचा कुठून? आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात अंगावर घेतलं तर गार वाटतं, पण वसाबीच्या मुळांना ते कढतच वाटेल. पाण्याच्या यंत्रांनी, वातानुकूलित खोलीत ती वाढवता येईलही, पण ते रोप मग विरारचं होणार नाही, विजेच्या बिलाचं होईल. माझं त्या मंडळींना सांगणं एवढंच होतं की नाकात चढणारं तिखट घरी उगवायचं असेल तर ते आपल्याकडे केव्हाच उगवलेलं आहे, फक्त आपण त्याच्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं नाही.

शेवगा घ्या. वाऱ्यापावसात तो हटकून मोडतो. मुळासकट उलटला तर त्या ताज्या मुळाला नख लावून हुंगावं, वसाबीच्याच जातीचा झणका येतो. हॉर्सरॅडिशच्या आठवणीनं व्याकूळ झालेले इंग्रज साहेब हिंदुस्थानात शेवग्याचं मूळ किसून खायचे, आणि इंग्रजीत शेवग्याला त्यावरूनच एक नाव पडलं. मात्र मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात, तेव्हा ते हुंगण्यावरच थांबावं. पपईची बी चावून बघा. मिऱ्यांत तिची भेसळ होते ती काळ्या सुरकुतल्या रूपामुळे, पण तिची चव मोहरीच्या वळणाची आहे. बाळंतिणीच्या लाडवातला अळीव थाळीत ओल्या कापडावर पसरला तर आठवड्याभरात त्याची हिरवी, झणझणीत रोपं हातभर खिडकीतही उगवतात. मी थंडीत ती कापून दह्यात घालते. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारा वायवर्णा, ज्याची वालाबरोबर भाजी करतात, तोही याच मोठ्या गणातला. मोहरी, मुळा, अळीव, शेवगा, पपई, वायवर्णा आणि वसाबी हा एकच विस्तारलेला गोतावळा आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या कुंपणाच्या आतच राहतात.

तरी त्या जपानी डोंगरातलं एक चित्र मनातून जात नाही. गावातल्या माणसांनी चारशे वर्षं एका झऱ्याचं पाणी गढूळ होऊ दिलं नाही, म्हणून ते झाड तिथे आहे. आपल्याकडे ती जागा बावखलांची होती. वसईच्या वाड्यांमध्ये खोदलेली ही तळी पावसात भरायची, जमिनीतला गोडा झरा त्यांत उतरायचा, आणि रहाटानं ते पाणी पाटात, पाटातून पानवेलींना, केळींना, फुलांना जायचं. पश्चिमेला खारा समुद्र आणि त्याच्या इतक्या जवळ गोडं पाणी, हे या भूमीचं खरं नवल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी विहिरी उपसून पाणी विकायला काढलं, तशी वाड्यांतल्या विहिरींची गोडी उतरली आणि खार वर चढला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं तेव्हा रस्त्यावर उतरली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून लिहिणारे दिब्रिटो पुढे २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४च्या जुलैत गेले. आम्हा वसई-विरारकरांना मात्र ते आधी आठवतात ते पाण्यासाठी उभे राहिलेले म्हणून.

आता आमच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं. बावखलं डबरानं भरली जातात, त्यांवर मजले चढतात, आणि ज्या जागी तळं होतं तिथेच पावसाळ्यात पाणी घरात शिरतं. तरी अजून काही उरली आहेत, आगाशीकडे, निर्मळकडे, नंदाखाल-वाघोलीकडे, केळींच्या आडोशाला, काठावर अळू माजलेली.

वसाबी वसईत होणार नाही. मोहरी होईल, अळीव होईल, शेवगा तर न लावताही होईल. पण या सगळ्यांना गोडं पाणी लागतं. ज्यांच्या वाडीत बावखल शिल्लक आहे त्यांनी ते विकू नये, बुजवू नये, आणि उन्हाळ्यात एकदा गाळ काढून घ्यावा. ज्यांच्याकडे वाडी नाही, त्यांनी आपल्या भागात कुठलं बावखल भरलं जातंय याची चौकशी करावी, आणि भरणीचा पहिला डंपर येण्याआधी महापालिकेत लेखी अर्ज द्यावा.